शिंगं गाळणारे सारंग

रेहेकुरीच्या माळावरचा काळवीट आणि ताडोबाच्या तळ्यावर येणारं चितळ, दोघांनाही आपण सरसकट हरीण म्हणतो. मराठी निसर्गलेखनाने मात्र त्यांच्यासाठी दोन वेगळे शब्द राखले आहेत: चितळ, सांबर, भेकर हे सारंग, काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि विदर्भातली रोही हे कुरंग. कुळाने पाहिलं तर काळवीट चितळापेक्षा शेळीला जवळचा.

ओळख पटते ती शिंगांवरून. कुरंगाच्या शिंगात हाडाचा गाभा आणि त्यावर नखासारख्या द्रव्याचं कवच असतं. ते जन्मभर टिकतं, त्याला फाटे फुटत नाहीत. सारंगाचं शिंग भरीव हाडाचं. ते गळतं आणि पुन्हा नव्याने उगवतं. आपल्याकडच्या सारंगांत ते नरालाच येतं. रेनडिअरच्या मादीलाही शिंगं असतात, पण तो अपवाद.

उगवणाऱ्या शिंगावर मखमली कातडी असते, तिच्यातून रक्त खेळत असतं. वाढ पुरी झाली की रक्तपुरवठा थांबतो, कातडी सुकते आणि नर ती झाडाच्या खोडावर घासून काढतो. काही महिन्यांत एवढं हाड उभं करायला चाऱ्यातलं कॅल्शियम पुरत नाही. सारंग ते स्वतःच्या बरगड्यांतून उसनं घेतो आणि पुढे भरून काढतो. प्राणिजगतात इतक्या वेगाने वाढणारं हाड क्वचितच सापडेल.

चौशिंगा आणि बाराशिंगा ही नावं जोडीची वाटतात, पण चौशिंग्याला खरोखरच चार शिंगं असतात. बाराशिंग्याला दोनच, बारा हा आकडा त्यांच्या टोकांचा, तोही अंदाजाने. कान्हाच्या जंगलात १९७० च्या सुमारास जेमतेम ६६ बाराशिंगे उरले होते. गवताळ कुरणं राखली, कुंपणात पिल्लं वाढवली, तेव्हा ते सावरले.

संस्कृतात सारंग म्हणजे ठिपकेदार, रंगीबेरंगी. चितळाला हे नाव किती शोभतं! जुन्या काव्यात सारंग-कुरंगांची सरमिसळ होती. आजचा नेमका अर्थ अभ्यासकांनी ठरवला. तो शालेय पुस्तकांत आणि अभयारण्यांच्या फलकांवर यायलाच हवा.

जंगलात गळालेलं शिंग दिसलं तर ते तिथेच राहू द्यावं. अभयारण्यातून ते उचलून आणायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. शिवाय साळिंदर ते कुरतडतं आणि त्यातलं कॅल्शियम मिळवतं.