इंजिन पुढे की मध्ये?

बीएमडब्ल्यू एम टू घ्यावी की पोर्शे 718 केमन, या पेचात सापडलेले लोक बहुधा कागदावर दोन रकाने आखतात. एकात वेग, ताकद, पिकअप. दुसऱ्यात डिकी, सीट, सर्व्हिसिंग. मग गुण देऊन बेरीज करतात. मला ही पद्धत पटत नाही. या दोन गाड्यांचा वेग आणि त्यांची सोय ही एकाच निर्णयाची फळं आहेत, आणि तो निर्णय म्हणजे आखणी करणाऱ्यांनी इंजिन कुठे बसवलं. एवढं नीट उमगलं की अर्धी निवड तिथेच होते.

एम टूचं इंजिन बॉनेटखाली, आपल्या ओळखीच्या बहुतेक गाड्यांसारखं. तीन लिटरचं, सहा सिलिंडर एका ओळीत, जोडीला दोन टर्बो. 2023 मध्ये ही गाडी भारतात आली तेव्हा ताकद 460 हॉर्सपॉवर होती, 2024 च्या सुधारणेनंतर ती 480 झाली. केमनचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे, मागच्या ॲक्सलच्या जरा पुढे असतं आणि त्याचे सिलिंडर आडवे निजलेले असतात. 2016 पासूनच्या साध्या 718 केमनमध्ये दोन लिटरचं, चार सिलिंडरचं टर्बो इंजिन आहे, 300 हॉर्सपॉवरचं. 2020 मध्ये आलेल्या जीटीएस 4.0 मध्ये चार लिटरचं, सहा सिलिंडरचं, टर्बो नसलेलं इंजिन आहे, 400 हॉर्सपॉवरचं.

आता वळणाचं बघू. दोन्ही हातांत पाण्याने भरलेल्या बादल्या घेऊन स्वतःभोवती गिरकी घेऊन पाहा. बादल्या अंगाशी धरल्या तर सहज फिरता येतं आणि सहज थांबताही येतं. हात लांब पसरले की सुरुवात जड जाते आणि थांबणं त्याहून जड. गाडीतली सगळ्यात जड वस्तू इंजिन. ते मधोमध असलं की केमनचं नाक स्टिअरिंग हलताच वळतं, कारण पुढच्या टोकाला ओढून न्यावं लागेल असं वजनच कमी आहे. आडव्या सिलिंडरांमुळे ते वजन जमिनीलगत राहतं, म्हणून वळणात गाडी कलतेही कमी. एम टूच्या पुढच्या चाकांना मात्र सहा सिलिंडरांचं लांब इंजिन घेऊन वळायचं असतं. बीएमडब्ल्यूने त्यावर रुंद टायर, ताठ चॅसी आणि उत्तम डिफरन्शियलचा उपाय केला आहे आणि तो लागूही पडतो. पण तिच्या वळण्यात जोर जाणवतो, केमनच्या वळण्यात हलकेपणा.

वजनातला फरकही मोठा. एम टू 1,700 किलोच्या घरात, साधी केमन 1,350 च्या आसपास. म्हणजे तीन-साडेतीनशे किलो, चार धडधाकट माणसांचं वजन. एम टूच्या मागच्या सीटवर कुणी बसो वा न बसो, ती त्या माणसांना कायम वाहत असते. म्हणूनच 460 हॉर्सपॉवरची ऑटोमॅटिक एम टू शंभराचा वेग 4.1 सेकंदांत गाठते आणि 400 हॉर्सपॉवरची जीटीएस आपल्या ड्युअल-क्लच गिअरबॉक्ससह 4.0 सेकंदांत. ताकदीच्या आकड्यावरून दोन गाड्यांची तुलना करणाऱ्यांनी आधी वजन विचारावं.

पण 4.0 आणि 4.1 मधला हा फरक तुम्ही वापरणार कुठे? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर सपाटीला मोटारींची मर्यादा ताशी 100 किलोमीटर, घाटात 60. या आकड्यांच्या आत जी गाडी आनंद देईल, तिची कामगिरी खरी. या कसोटीवर पाहिलं की ज्या जीटीएसचं सगळे कौतुक करतात तिच्याबद्दल मला शंका येते. तिचा आवाज अप्रतिम आहे, यात वाद नाही. साध्या 718 च्या चार सिलिंडरांचा खरखरीत सूर अनेकांच्या पसंतीस उतरला नाही आणि त्यांच्यासाठी सहा सिलिंडरांचं हे इंजिन परत येणं म्हणजे सणच होता. पण तो सूर इंजिन 7,800 फेऱ्यांकडे चढू लागलं की फुलतो, आणि या गाडीचे गिअर इतके लांब आहेत की दुसऱ्याच गिअरमध्ये ती शंभरच्या पुढे जाते. म्हणजे कायद्यात राहून तो आवाज मनसोक्त ऐकायला पहिला गिअर आणि अर्धा दुसरा एवढंच उरतं. नावं ठेवलेलं दोन लिटरचं टर्बो इंजिन मात्र दोन हजार फेऱ्यांच्या आसपासच पूर्ण जोर देऊ लागतं. आंबेनळी घाटातून चाळीस-पन्नासच्या वेगाने, वळणामागून वळण घेत उतरायचं किंवा चढायचं असेल, तर मी ते निवडेन. कानाला थोडं कमी मिळेल, हाताला पुरेपूर मिळेल.

पावसाळ्यात इंजिनाची जागा आणखी बोलू लागते. दोन्ही गाड्यांची फक्त मागची चाकं फिरवली जातात. केमनमध्ये इंजिनाचा भार त्या चाकांवरच आहे, त्यामुळे ओल्या रस्त्यावर निघताना पकड चांगली मिळते. एम टूमध्ये भार पुढे-मागे जवळपास निम्मा-निम्मा, आणि मागच्या चाकांवर टर्बोचा 550 न्यूटन मीटरचा जोर एकदम येतो. इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून घेतं. तरी जुलैतल्या निसरड्या डांबरावर उजवा पाय शहाणाच लागतो. केमनच्या बाजूने बोलताना एक गोष्ट लपवणं बरोबर नाही. मध्ये इंजिन असलेली गाडी सहसा सुटत नाही, पण सुटली तर झटकन फिरते आणि सावरायला वेळ कमी देते.

आता सोय. कॅटलॉगातले आकडे इथे चकवतात. एम टूची डिकी 390 लिटरची. केमनला डिक्या दोन: पुढे, जिथे इंजिन नाही तिथे, 150 लिटरची खोल पेटी, मागे काचेच्या दरवाजाखाली 275 लिटर. बेरीज 425, म्हणजे दोन सीटची गाडी चार सीटच्या गाडीला मागे टाकते. दोन माणसं आठवडाभर कोकणात जाणार असतील तर केमनमध्ये सामान आरामात मावतं, पुढच्या पेटीत तर दोन बॅगा उभ्या राहतात. पण लिटरमध्ये आकार कळत नाही. मागची जागा उथळ आहे आणि इंजिनाच्या शेजारामुळे लांबच्या प्रवासात ती तापते. वसईची केळी किंवा देवगडचा हापूस तिथे ठेवू नये, पुढे ठेवावा. सतार, सायकल किंवा घडीचं टेबल न्यायचं झालं तर केमन हात वर करते. एम टूच्या मागच्या सीटची पाठ आडवी होते आणि डिकी थेट पुढच्या सीटपर्यंत उघडते.

मागच्या सीटबद्दलही खरं बोलायला हवं. एम टूमध्ये मागे दोन मुलं नीट बसतात, मोठी माणसं तासभर सहन करतात. मुलाची सीट अडकवायची सोय आहे, पण दरवाजे दोनच आणि लांब, त्यामुळे सोसायटीच्या अरुंद पार्किंगमध्ये ते पुरते उघडत नाहीत. मूल, दप्तर आणि पुढे झुकवलेली सीट यांची कसरत रोज सकाळी करायची तयारी हवी. आजीला मागे बसवायचा विचार तर सोडूनच द्यावा. तरीही ही सीट नसणं आणि असणं यात फार अंतर आहे. घरात दुसरी गाडी नसेल आणि मूल असेल, तर केमनचा विचार तिथेच थांबतो. कितीही सुरेख वळली तरी ती तिसऱ्या माणसाला रस्त्यावरच ठेवते.

आपल्याकडच्या रस्त्यांवर लोक पहिला प्रश्न विचारतात तो स्पीड ब्रेकरचा: खालून घासते का? नुसता ग्राउंड क्लिअरन्स बघून याचं उत्तर मिळत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर एम टूमध्ये 2,747 मिलिमीटर आहे, केमनमध्ये 2,475. चाकं जितकी जवळ, तितकं गाडीचं पोट उंचवट्यावर टेकण्याची शक्यता कमी. टायरही बघा. एम टूच्या मागच्या टायरची, 285/30 मापाची, रबराची भिंत जेमतेम साडेआठ सेंटिमीटर भरते. अठरा इंची चाकांवरच्या साध्या केमनची, 265/45 मापाची, जवळपास बारा. खड्ड्यात हेच साडेतीन सेंटिमीटर रिम वाचवतात. दोन्ही गाड्यांत स्टेपनी नाही, पंक्चर दुरुस्तीचा संच मिळतो. टायरची भिंत फाटली तर तो संच काही कामाचा नाही. म्हणून ज्यांना केमनवर वीस इंची चाकं चढवायचा मोह होतो, त्यांनी शोरूमबाहेरचा रस्ता एकदा पायी चालून यावं.

रोजच्या गर्दीत मात्र एम टूची आठ गिअरची ऑटोमॅटिक सरस आहे. ती टॉर्क कन्व्हर्टरवर चालते, त्यामुळे फूट-फूट सरकताना धक्का देत नाही. पोर्शेचा ड्युअल-क्लच गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर विजेसारखा आहे, खोळंबलेल्या रांगेत त्याला तेवढी मखमल जमत नाही.

किमतीत जर्मनी आणि भारत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, कारण दोन्ही गाड्या इथे पूर्ण तयार होऊनच आयात होत आल्या आहेत. 2023 मध्ये एम टूची एक्स-शोरूम किंमत 98 लाखांपासून होती. केमन त्याहून बरीच वर. त्यात पेट्रोलवरच्या 718 चं उत्पादन 2025 मध्ये थांबलं. त्यामुळे केमन म्हणजे आता बहुधा वापरलेलीच.

माझं मत विचाराल तर घरातली एकमेव गाडी म्हणून एम टू, आणि ती घेऊन पश्चात्ताप होणार नाही. दुसरी गाडी म्हणून, किंवा घरात दोघंच असतील तर, केमन. आणि तीही साधी, लहान चाकांची.

वापरलेली केमन बघायला जाताना टॉर्च घेऊन जा. इंजिन मध्ये असलं तरी तिचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन कोपऱ्यांत आहेत, आणि त्या जाळ्यांतून आत गेलेला पालापाचोळा तिथेच कुजत राहतो. पावसाळ्याची माती त्यात मिसळली की एसीचा कंडेन्सर गंजून गळू लागतो. तिथे कचरा दिसला तर बंपर उतरवून सफाईचा खर्च किमतीतून वळता करून घ्या. एम टूची नोंदवही उघडली की 2,000 किलोमीटरला झालेली पहिली सर्व्हिस शोधा. एम गाड्यांना ती नव्या इंजिनासाठी ठरवून दिलेली असते. ती नोंद नसेल तर पुढचं काही विचारू नका, दुसरी गाडी बघा.