माकडाचा माणूस होताना कोणी पाहिला?

जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास राज्यमंत्री सत्यपाल सिंह औरंगाबादेत म्हणाले की, माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी कधी पाहिलं नाही, म्हणून डार्विन चुकीचा आणि अभ्यासक्रमात बदल हवा. देशाच्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून हे खोडून काढलं. तरी तो प्रश्न आजही वर्गात विचारला जातो.

मुळात आजच्या माकडाचा माणूस झाला, असं उत्क्रांतीविज्ञान म्हणतच नाही. माणूस आणि चिंपांझी यांचा पूर्वज एक होता आणि सुमारे ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. चिंपांझी आपले आजोबा नव्हेत, भाऊबंद आहेत. राहिला पाहण्याचा प्रश्न. आपल्या शेजारच्या कच्छमध्ये चार कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या, पाय असलेल्या देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. चिंपांझीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, आपल्यात २३. आणि आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात दोन जुनी गुणसूत्रं टोकाला टोक जुळल्याची खूण आजही वाचता येते. घडताना कोणी हजर नसलं, तरी पुरावा मागे राहतो.

‘ही तर नुसती थिअरी,’ हा आक्षेप इंग्रजीतून आला. मराठीत आपण सिद्धांत म्हणतो, म्हणजे पुराव्यांनी सिद्ध झालेला निष्कर्ष. आपला शब्दच इथे अधिक अचूक आहे.

दशावतारात उत्क्रांती आधीच सांगितली आहे, असंही प्रेमानं सांगितलं जातं. मत्स्य, कूर्म, वराह हा क्रम जुळल्यासारखा वाटतो खरा. पण उत्क्रांती म्हणजे माणसापर्यंत चढत जाणारी शिडी नव्हे, फांद्या फुटत जाणारं झाड आहे. आजचा मासा आपल्याइतकाच उत्क्रांत आहे. अवतारकथेचा अर्थ श्रद्धेत आहे. तिला जीवशास्त्राचा दाखला लागत नाही.

उत्क्रांती मानली की देव सोडावा लागतो, हेही खरं नाही. १९९६ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी उत्क्रांती ही निव्वळ परिकल्पना राहिलेली नाही, असं मान्य केलं. देव आहे की नाही, हे विज्ञानाच्या तासाला ठरवायचंच नसतं.

एनसीईआरटीनं शालेय पाठ्यपुस्तकांतून उत्क्रांती पूर्ण वगळली, असं अनेकांना वाटतं. तसं नाही. बारावीच्या जीवशास्त्रात ती आहे. पण दहावीच्या ‘आनुवंशिकता आणि उत्क्रांती’ या धड्याचं नुसतं ‘आनुवंशिकता’ झालं. कारण अभ्यासाचा भार कमी करण्याचं दिलं गेलं. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी खुल्या पत्रानं विरोध केला, आणि मला तो पूर्ण पटतो. विज्ञान सर्वांना सक्तीचं असतं ते दहावीपर्यंतच. पुढे कॉमर्स, आर्ट्स किंवा आयटीआयला जाणाऱ्या मुलीला बारावीचं जीवशास्त्र भेटत नाही. आपल्या राज्य मंडळाच्या २०१८ च्या दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये मात्र पहिलाच धडा आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’.