ऑग्सबर्गचा नारिंगी हात

चाकणच्या वेल्डिंग शेडमध्ये गडद पडद्याआड एक नारिंगी हात काम करताना दिसतो. खांदा, कोपर, मनगट धरून सहा सांधे, आणि मनगटाच्या टोकाला टॉर्च. ऑपरेटर फिक्श्चरमध्ये जॉब बसवतो, क्लॅम्प आवळतो, बाहेर येऊन बटण दाबतो. हात खाली वाकतो, चरचर होते, ठिणग्या उडतात. मग टॉर्च आपणच जाऊन नोझलमधला स्पॅटर, म्हणजे उडून चिकटलेले धातूचे थेंब, साफ करून घेते आणि पुढच्या जॉबची वाट बघत उभी राहते. हाताच्या दंडावर बऱ्याचदा ‘कुका’ असं लिहिलेलं असतं.

केलर आणि क्नापिश या दोघांनी १८९८ मध्ये जर्मनीतल्या ऑग्सबर्गला कारखाना काढला. ‘केलर उंड (आणि) क्नापिश, ऑग्सबर्ग’ यांची आद्याक्षरं जोडून कुका झालं. काढला तो मात्र दिव्यांसाठी. आपल्याकडे फेरीवाले कार्बाइडचे दिवे लावत, त्याच अ‍ॅसिटिलीन गॅसवर घरं आणि रस्ते उजळायचा धंदा होता. विजेने दिव्यांचं गिऱ्हाईक पळवलं, तेव्हा या मंडळींनी तीच ज्योत धातू जोडायला लावली. १९५६ पर्यंत ते फ्रीज आणि वॉशिंग मशीनची खोकी आपोआप वेल्ड करणारी यंत्रं बनवू लागले होते. फ्रीजची आठवण ठेवा, पुढे लागेल.

पहिला औद्योगिक रोबो अमेरिकन. १९६१ मध्ये जनरल मोटर्सच्या न्यू जर्सीतल्या कारखान्यात ‘युनिमेट’ लागला, पण तो साच्यातून निघालेले तापलेले भाग उचलायला. वेल्डिंगमध्ये त्याचं खरं बस्तान बसलं ते मोटारीच्या सांगाड्यावर. एका सांगाड्याला चार-पाच हजार स्पॉट, म्हणजे टाके, लागतात आणि जड गन पेलून दिवसभर ते मारणं माणसाची कंबर मोडणारं काम. कुकाने डाइम्लर-बेंझसाठी अशी लाइन उभारली तेव्हा रोबो युनिमेटच होते. १९७३ मध्ये त्यांनी स्वतःचा ‘फॅम्युलस’ आणला. युनिमेट तेलाच्या दाबावर चाले, याचे सहाही सांधे विजेच्या मोटरींवर.

कौतुक पुष्कळ झालं. साध्या रोबोला डोळे नसतात, हेही सांगायला हवं. दोन पत्र्यांत मिलिमीटरभर गॅप पडला तर जुना वेल्डर मनगट जरा हलवून तो भरून काढतो. रोबो शिकवलेल्या रेषेवरूनच जातो आणि खुशाल पोकळीत वितळलेल्या धातूचा मणी ओततो. म्हणून रोबो घेणाऱ्याचा पैसा आधी फिक्श्चरमध्ये आणि प्रेसच्या डायमध्ये जातो. कोटेशन वाचताना हे कुणी फारसं बोलत नाही.

२०१६ मध्ये चीनच्या मिडियाने कुकासाठी बोली लावली. मिडिया म्हणजे एसी, फ्रीज, वॉशिंग मशीन बनवणारी कंपनी. १९६८ मध्ये प्लास्टिकच्या बाटल्यांची झाकणं करत सुरू झालेली. ज्यांची खोकी कुका जोडत होती, तोच धंदा मालक होऊन दारात उभा राहिला. भाव होता शेअरला ११५ युरो. जर्मनीचे तेव्हाचे आर्थिक व्यवहार मंत्री झिगमार गाब्रिएल यांनी युरोपीय गिऱ्हाईक शोधून पाहिलं, पण त्या भावाला कुणी पुढे येईना. जवळजवळ ९५ टक्के शेअर मिडियाकडे गेले. २०१७ मध्ये जर्मनीने परकीय खरेदीचे नियम कडक केले. घोडा गेल्यावर तबेल्याला कुलूप, पण कुलूप लागलं खरं. आज जगात दरवर्षी बसणाऱ्या नव्या औद्योगिक रोबोंपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये बसतात.

चाकणच्या शेडला देशादेशांतल्या अशा नियमांची झळ वेगळ्या वाटेने लागते. जून २०२५ मध्ये अमेरिकेने पोलादावरचं आयातशुल्क २५ वरून ५० टक्क्यांवर नेलं. जॉबमागे चार रुपये वाचावेत म्हणून शेडमालक महिनोन्‌महिने टॉर्चचा कोन आणि सायकल टाइम घासत बसतो. माल अमेरिकेला जाणार असेल तर तेवढे एका सहीत जातात. पडद्याआडचा हात मात्र थांबत नाही. कालचा वेल्डर हातात पेंडंट, म्हणजे रोबोला शिकवायचा रिमोट, घेऊन टॉर्च केसभर डावीकडे सरकवतो, पॉइंट पुन्हा सेव्ह करतो आणि म्हणतो, “लाव पुढचा.”