पंखा मधूनच का घोंघावतो?

जड फाइल उघडली की टेबलाखालच्या सीपीयूचा पंखा घूंऽऽ करत सुटतो आणि क्षणभरात निवतोही. तेवढ्यात प्रोसेसरने उसळी घेतलेली असते. उदाहरणार्थ, रायझन ५ ५६००एक्स या प्रोसेसरचा मूळ वेग ३.७ गिगाहर्ट्झ, उसळी ४.६ पर्यंत. हा वरचा टप्पा गाठायला व्होल्टेज वाढवावं लागतं, आणि खरी मेख तिथंच आहे: व्होल्टेज दीडपट झालं, तर तेवढ्यानंच वीज सव्वादोनपट लागते. वाऱ्याच्या तोंडी सायकल दामटावी तसं. वेग जेमतेम वाढतो, घाम मात्र निथळतो.

विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहा. बऱ्याच संगणकांवर उसळी थांबते, पंखा गप्प होतो. पत्रं, हिशेब यांत फरक जाणवत नाही. व्हिडिओ एडिट करायला बसाल तेव्हा मात्र पुन्हा १०० करा.