उंदीरमामांचे उपकार

मंगफला नवं बिऱ्हाड थाटलं की चार-सहा महिन्यांत एक तक्रार ठरलेली : "इथल्या पाण्यानं केस जायला लागले हो!" समुद्राचं खारं पाणी गोडं करून नळाला येतं, तेव्हा सगळा दोष त्याच्या माथी मारणं सोपं. मग भारतातून येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत माक्याच्या तेलाची बाटली! दिवसाला ५०-१०० केस गळणं तसं सगळ्यांचंच चालू असतं. पण विंचरताना अचानक रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा हाताला लागतो, तेव्हा मात्र घर हादरतं. आपण त्याला चाई म्हणतो. पोर शाळेत टोपी काढायला तयार होत नाही, लग्नाची मुलगी समारंभाला यायचं टाळते. कुणी म्हणतं किडा लागला, कुणी लसूण चोळायला सांगतं.

वाचकहो, हे कोडं उलगडायला मदत केली ती उंदरांनी. उंदराची आणि आपली बहुतेक जनुकं सारखी. एखाद्या जनुकात बिघाड झाला, म्हणजे शास्त्रीय भाषेत उत्परिवर्तन झालं, की कधीकधी ते उंदराच्या अंगावर सरळ दिसतंच : केस नाहीत, कुरळे आहेत किंवा रंग उडालाय. उंदरीण तीन आठवड्यांत विते, त्यामुळे हा बिघाड पुढच्या पिढ्यांत कसा उतरतो तेही थोड्या दिवसांत कळतं.

आपल्या मुंबईलाही असे उंदीर होते. परळच्या कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये बिनकेसाच्या उंदरांचा एक वाण जोपासला गेला. बिडीच्या तंबाखूमुळे कातडीवरच्या गाठी वाढतात, हे १९९४ साली तिथल्या शास्त्रज्ञांनी याच उंदरांवर दाखवलं. बिड्या वळून संसार करणाऱ्या आपल्याकडच्या हजारो बायकांच्या दृष्टीनं हे काम मोलाचं.

बिनकेसाच्या उंदराचा आणखी एक वाण १९२० च्या दशकात इंग्लंडमध्ये सापडला. त्याला जन्मानंतर केस येतात, पण दोन-तीन आठवड्यांत झडायला लागतात आणि पुन्हा धड उगवत नाहीत. १९९८ साली न्यूयॉर्कच्या अँजेला ख्रिस्तियानो आणि त्यांच्या सहकाऱ्यांना पाकिस्तानातल्या एका कुटुंबात त्याच जनुकाचा बिघाड आढळला. आई आणि बाप दोघांकडूनही बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो. नात्यातल्या लग्नात ही शक्यता वाढते. मामाच्या मुलीशी सोयरीक करणाऱ्या आपल्या मंडळींनी हे जरूर ध्यानात घ्यावं.

चाईचं मात्र वेगळं. अमेरिकेतल्या जॅक्सन लॅबोरेटरीत सी-थ्री-एच जातीच्या काही उंदरांचे केस वय वाढताना आपोआप झडत. १९९४ साली जॉन सुंडबर्ग यांनी ही चाईच असल्याचं दाखवलं. पुढे असं दिसलं, की या उंदराची कातडी त्याच जातीच्या निरोगी उंदराला लावली तर त्याचेही केस जातात. म्हणजे किडा नाही, पाणीही नाही. शरीराच्या पांढऱ्या पेशीच केसांच्या मुळांना शत्रू समजून हल्ला करतात. मूळ मात्र मरत नाही, म्हणूनच केस परत येऊ शकतात. ख्रिस्तियानोबाईंना स्वतःलाच चाई झाली होती. २०१४ साली त्यांच्या गटानं या पेशींना आवर घालणारं औषध देऊन उंदरांचे केस परत आणले. जून २०२२ मध्ये त्याच जातकुळीच्या बॅरिसिटिनिब या गोळीला अमेरिकेत तीव्र चाईसाठी मान्यता मिळाली. पुढच्याच महिन्यात कोडावरच्या मलमालाही मिळाली; त्यामागेही उंदरांवरचं संशोधन होतं.

ही औषधं जादूची नव्हेत. जंतुसंसर्गाचा, क्वचित रक्तात गुठळी होण्याचा धोका असतो. गोळी थांबवली की पुष्कळांचे केस पुन्हा जातात. तेव्हा त्वचारोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय काही घेऊ नये. लहानसा चट्टा तर कित्येकदा आपणहून भरून येतो.

मंडळी, आमचं सांगणं एवढंच : चाई आणि कोड स्पर्शानं पसरत नाहीत, आणि कुणाच्या पापाचं ते फळ नव्हे. पुढच्या हळदीकुंकवाला अशी एखादी मुलगी आली तर तिच्या डोक्याकडे टक लावून न बघता तिला आपल्या शेजारी बसवून घ्या. आणि घरात चट्टा दिसलाच तर लसूण राहू द्या स्वयंपाकघरात, डॉक्टरांची वेळ घ्या.