कुर्त्याच्या किमतीत शिलाईचा वाटा किती? कळवणमधून ‘नैतिक’ ब्रँड सुरू करताना...

सप्तशृंगी देवीला अकरा वार साडी नेसवली जाते. त्या देवीच्या कळवण तालुक्यात घरोघरी शिलाई मशीन आहे. पण ते चालवणाऱ्या बाईचे नाव कपड्यावर क्वचितच दिसते. महिलांच्या कपड्यांचा ‘एथिकल’ म्हणजे नैतिक ब्रँड काढायचा, तर सुरुवात तिच्या मजुरीपासून करावी लागते.

नैतिक म्हणजे नेमके काय?
24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळची राणा प्लाझा इमारत कोसळली आणि 1,100 हून अधिक लोक मरण पावले. त्यात बहुतांश शिलाई कामगार होते. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसूनही त्यांना कामावर बोलावले गेले होते. तेव्हापासून ‘हा कपडा कुणी शिवला?’ हा प्रश्न जगभर विचारला जातो. योग्य मजुरी, सुरक्षित जागा, वेळेवर पैसे आणि कापडाची खरी माहिती, या चार गोष्टी किमान हव्यात.

हिशेब कसा मांडायचा?
उदाहरण म्हणून एक सुती कुर्ता घेऊ. कापड 450 रुपये, दोन तासांची शिलाई 160, बटण-धागा-लेबल 50, पॅकिंग 40, एकूण 700. भाडे, वीज आणि न विकलेला माल यांसाठी 20 टक्के धरले की 840. त्यावर 25 टक्के नफा म्हणजे 1,050. पाच टक्के जीएसटीसह किंमत साधारण 1,100 होते.

आता शिलाई निम्मी, म्हणजे 80 रुपये करा. किंमत जेमतेम सव्वाशे रुपयांनी उतरते, पण बाईची कमाई अर्धी होते. मजुरी नगावर दिली, तरी ती सरकारी किमान वेतनापेक्षा कमी पडू नये, असे कायदा सांगतो. त्यामुळे एका नगाला खरोखर किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून मोजा.

कागदपत्रे कोणती?
- उद्यम नोंदणी: ऑनलाइन आणि मोफत.
- जीएसटी: 22 सप्टेंबर 2025 पासून 2,500 रुपयांपर्यंतच्या कपड्यांवर 5 टक्के, त्यापुढे 18 टक्के.
- ट्रेडमार्क: कपड्यांसाठी वर्ग 25. नाव आधी कुणी घेतले आहे का, हे तपासूनच लेबल छापा.
- पीएम विश्वकर्मा: या योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत मिळते.

दावा करताना जपून
‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’ असे शब्द पुराव्याशिवाय वापरता येत नाहीत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर 2024 मध्ये तशा मार्गदर्शक सूचना दिल्या आहेत. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्याचे उदाहरण पाहा. पैठणीला 2010 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. यंत्रमागावरची साडी हातमागाची म्हणून विकली, तर ग्राहक फसतो आणि विणकराचे कामही हिरावले जाते. म्हणून कापड यंत्रमागाचे असेल, तर लेबलवर तसेच लिहा.

पहिले पाऊल
एकदम शंभर नग शिवू नका. एकाच नमुन्याचे वीस कुर्ते वेगवेगळ्या मापांत शिवा, ओळखीबाहेरच्या ग्राहकांना विका आणि परत आलेल्या मालाचे कारण वहीत लिहा. मात्र शिवणाऱ्या बाईचे पैसे माल विकण्याची वाट न पाहता, काम पूर्ण होताच द्या. तेवढी रक्कम भांडवलातून आधीच बाजूला ठेवा.