पावतीवर नाव कोणाचं?

सराफाच्या पेढीवर बाई एकटी गेली की काउंटरमागून पहिला प्रश्न येतो, "घरात कार्य आहे का?" नाही म्हटलं तर दुसरा, "मग कोणाला द्यायचंय?" दोन्ही प्रश्न आपुलकीने विचारले जातात, पण त्यांच्या पोटात एक जुनी समजूत आहे. बाईच्या अंगावर सोनं यायचं ते लग्नात, डोहाळजेवणात, पाडव्याच्या ओवाळणीत, म्हणजे दुसऱ्या कोणी घातलं तर. "मला हवंय, माझ्यासाठी, माझ्या पैशांनी" हे उत्तर स्वतः कमावणाऱ्या अनेकींनाही सहज देता येत नाही. मग कारणं पुढे येतात. आज गुरुपुष्यामृत आहे. भाव आणखी चढणार आहे. लेकीच्या लग्नाला होईल. आणि या सगळ्यांत भारदस्त कारण म्हणजे, ही गुंतवणूक आहे.

माझं म्हणणं असं की स्वतःच्या कमाईतून स्वतःसाठी दागिना बाईने जरूर घ्यावा, आणि त्या हौसेला हौसच म्हणावं. गुंतवणुकीचं नाव दिलं की पैसेही अडकतात आणि हौसही अपुरी राहते.

हे कसं होतं ते हिशेबातून नीट कळतं. दहा ग्रॅम सोन्याने लाखाचा टप्पा पहिल्यांदा २०२५ च्या एप्रिलमध्ये ओलांडला आणि नंतर तो आकडाही मागे पडला. आपण सोयीसाठी २२ कॅरेटचा भाव दहा ग्रॅमला एक लाख रुपये धरू आणि तोळ्याची एक ठुशी घेऊ. (जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, हल्ली पेढीवर तोळा म्हणजे दहा ग्रॅमच.) घडणावळ १२ टक्के धरली तर १२,००० रुपये. या १,१२,००० रुपयांवर ३ टक्के जीएसटी, म्हणजे ३,३६०. पावती झाली १,१५,३६० रुपयांची. हीच ठुशी दुसऱ्या दिवशी मोडायला नेली तर मिळणार सोन्याचे एक लाख, आणि बऱ्याच ठिकाणी त्यातूनही काही टक्के घट कापली जाते. घडणावळ आणि कर परत येत नाहीत. भाव पंधरा टक्क्यांच्या वर चढेपर्यंत त्या ठुशीने घातलेले पैसेही भरून दिलेले नसतात. नक्षीकाम बारीक असेल तर घडणावळ याहून पुष्कळ जास्त, आणि खडे असतील तर मोडताना त्यांचं वजन वजा होतं. काही पारंपरिक पोकळ दागिन्यांत लाख भरलेली असते, तिचंही तसंच.

म्हणून दागिना घेऊ नये, असं या हिशेबातून निघत नाही. वरचे पंधरा हजार कशाचे आहेत ते ओळखून द्यावेत, एवढंच निघतं. ते कारागिराच्या हाताचे आहेत, सरकारचे आहेत आणि आपल्या आनंदाचे आहेत. ती ठुशी पुढची वीस वर्षं गौरी-गणपतीला, दिवाळीला, मैत्रिणीच्या पुस्तक प्रकाशनाला गळ्यात पडली तर तो खर्च सार्थकी लागला. लॉकरमध्ये राहिली तर वाया गेला. आणि गुंतवणूक म्हणून घेतलेला दागिना बहुतेक वेळा लॉकरमध्येच राहतो. कारण तो निवडतानाच "वजनदार असू दे, मोडला तर चार पैसे येतील" असं म्हणून निवडलेला असतो. रोज कानात घालता येतील अशा कुड्या हव्या होत्या आणि घरी आला चार तोळ्यांचा हार, असं कितीतरी घरांत झालेलं आहे. तो हार वर्षातून एका लग्नाला निघतो, आणि त्या दिवशीही तो सांभाळण्यातच जीव जातो.

सोन्यात पैसे ठेवायचेच असतील तर त्याला वेगळ्या वाटा आहेत. दसऱ्याला वेढणी घेण्याची आपल्याकडची रीत शहाणपणाची होती, कारण वेढण्यावर घडणावळ नाममात्र. नाणी आहेत, शेअर बाजारातून घेता येणारे सुवर्ण ईटीएफ आहेत. सरकारचे सार्वभौम सुवर्ण रोखे २०१५ मध्ये सुरू झाले, पण फेब्रुवारी २०२४ नंतर त्यांची नवी विक्री झालेली नाही. आणि या सगळ्याच्या आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत आणि आरोग्य विमा आपल्या नावावर, हे असायला हवं. ते झालं की उरलेल्यातला काही भाग स्वतःच्या आवडीवर खर्च करायला कोणाच्या परवानगीची गरज उरत नाही. कर्ज काढून मात्र हौस करू नये. ती हप्ते फिटेपर्यंत टोचत राहते.

सराफांच्या मासिक योजनांबद्दल एक गोष्ट कळली पाहिजे. दर महिन्याला ठरावीक रक्कम भरायची आणि शेवटी त्यातून दागिना घ्यायचा, अशा या योजना. त्यातल्या बऱ्याच अकरा महिन्यांच्या का असतात? कंपन्यांनी ठेवी स्वीकारण्याबाबतचे २०१४ चे नियम असे आहेत की मालासाठी घेतलेली आगाऊ रक्कम ३६५ दिवसांत मालात वळती झाली नाही तर ती ठेव ठरते आणि तिला ठेवींची कडक बंधनं लागू होतात. म्हणजे तुम्ही भरता ती ठेव नाही, आगाऊ रक्कम आहे. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला जो विमा असतो, तो तिला नाही. पेढी बुडाली तर दारात रांगेत उभं राहावं लागतं, आणि महाराष्ट्राने अशा रांगा पाहिलेल्या आहेत. त्या रांगांत बायका जास्त असतात, कारण पाचशे-हजार रुपये बाजूला काढून दागिन्याची वाट पाहणाऱ्या त्याच असतात. तेच पैसे आपल्याच बँक खात्यात आवर्ती ठेवीत साठवले तर सराफाकडून मिळणारी सूट हुकेल, पण झोप लागेल.

मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो तो मालकीचा मुद्दा. बाईचे दागिने तिच्या अंगावर असतात, पण त्यांचा निर्णय बऱ्याचदा दुसऱ्याच्या हातात असतो. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ मध्ये पडद्यावर आला तेव्हा दादासाहेब फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने त्यासाठी कामी आले होते. त्यांनी ते आनंदाने दिले, चित्रपटासाठी कष्टही उपसले. तरी महाराष्ट्रात किती विहिरी, किती दुकानं, किती धाकट्या दिरांची शिक्षणं बायकांच्या पाटल्यांवर उभी राहिली आणि त्यातल्या किती जणींना आधी विचारलं गेलं होतं, हा प्रश्न उरतोच.

कायदा याबाबत फार पूर्वीपासून बाईच्या बाजूने आहे. लग्नाआधी, लग्नात किंवा लग्नानंतर तिला मिळालेलं स्त्रीधन पूर्णपणे तिचं, पती फक्त सांभाळणारा आणि ते हडप केलं तर तो फौजदारी विश्वासघात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं. तरी २०२४ च्या एप्रिलमध्ये पुन्हा तेच सांगावं लागलं. केरळमधल्या त्या प्रकरणात वधूला माहेरून मिळालेलं ८९ पवन सोनं (एक पवन म्हणजे आठ ग्रॅम) "सुरक्षित राहावं" म्हणून लग्नाच्या पहिल्याच रात्री तिच्याकडून घेतलं गेलं आणि सासरची देणी फेडण्यात संपलं. न्यायालयाने तिला २५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. लग्न २००३ चं, अंतिम निकाल २०२४ चा. मधल्या वर्षांत तिला काय काय सिद्ध करत बसावं लागलं असेल, याची कल्पना कोर्टाची पायरी चढलेल्या बाईला येईल.

लग्नात घातलेल्या दागिन्यांच्या पावत्या वडिलांच्या नाहीतर सासऱ्यांच्या नावावर असतात, कित्येकदा नसतातच. स्वतः घेतलेल्या दागिन्याचं तसं नाही. पैसे आपल्या खात्यातून गेले, पावतीवर आपलं नाव लागलं की तो कोणी दिला, कोणाला दिला, हा वाद उभाच राहत नाही. बाईला सोनं दुसऱ्या कोणीतरीच घालायचं, हा जुना समज प्राप्तिकर खात्याच्या १९९४ च्या एका सूचनेतही स्पष्ट दिसतो. झडतीत हिशेब जुळला नाही तरी विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅमपर्यंतचे, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅमपर्यंतचे आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत, असं ती सूचना सांगते. म्हणजे बाईकडे सोनं येतं ते लग्नातून, असं सरकारनेही गृहीत धरलं. चाळिशीची अविवाहित प्राध्यापिका असो की नर्स, तिच्या वाट्याला निम्मं. पावत्या असतील आणि उत्पन्न दाखवता येत असेल तर मात्र ही मर्यादा आड येत नाही.

लग्नाबरोबर आलेलं लग्नाबरोबर जातंही. नवरा गेला की मंगळसूत्र तोडायचं, जोडवी काढायची, बांगड्या फोडायच्या, ही प्रथा बंद करण्याचा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने २०२२ च्या मे महिन्यात केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर गावांनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. त्या ठरावाचं मोल मोठं आहे. दुसऱ्याच्या नात्याने अंगावर चढलेला दागिना दुसऱ्याच्या मरणाने उतरवला जातो, हे त्यामुळे चारचौघांत बोललं गेलं. मी घेतलेल्या कानातल्याला, मी निवडलेल्या बोरमाळेला कोणाच्या आयुष्याची अट नाही. एकट्या राहणाऱ्या, घटस्फोटित, विधवा बायकांनी आधी स्वतःसाठी दागिना घ्यावा असं मला वाटतं ते यामुळेच.

दागिना आणि आत्मसन्मान यांची सांगड महाराष्ट्राला नवी नाही. १९२७ च्या डिसेंबरात महाडला डॉ. आंबेडकर स्त्रियांशी बोलले. ज्यांवरून जात ओळखली जाते ते कथलाचे-चांदीचे भाराभर दागिने टाका, घालायचाच असेल तर सोन्याचा घाला, नाहीतर घालूच नका, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता. कोणता दागिना घालायचा हे बाईने स्वतः विचार करून ठरवायचं, ही गोष्ट त्यांनी इतक्या आधी तिच्या हातात दिली. आणि मुंबईच्या कोळणी तर हे पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या आहेत. दर्यावर पुरुष जातात, पण म्हावरं विकून पैसा हातात घेते ती कोळीण. भाऊच्या धक्क्यावर भल्या पहाटे लिलावात बोली लावायची, दिवसभर बाजारात पाटी मांडायची आणि त्या कमाईतून सोनं करायचं. ते अंगावर घालूनच धंद्याला बसायचं. तिच्या गळ्यातलं सोनं कोणी घातलं, असं विचारायची कोणाची छाती होत नाही.

आता पेढीवर पाहायचं ते. हॉलमार्किंग १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने सक्तीचं झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकी एचयूआयडी क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही. दागिन्यावर तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्युरोचं (बीआयएस) त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि हा क्रमांक. २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५. २०२५ पासून ९ कॅरेटही (३७५) यात आलं आहे. क्रमांक तिथेच उभं राहून बीआयएस केअर ॲपमध्ये घालून पाहावा; यात सराफाला राग येण्यासारखं काही नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलक्या दागिन्यांना ही सक्ती नाही, त्यामुळे छोटी नथ किंवा बाळबुगडी घेताना पावतीवर कॅरेट लिहून घेणं जास्तच गरजेचं. पावतीवर सोन्याचं निव्वळ वजन, खड्यांचं वजन, घडणावळ आणि कर हे वेगवेगळे लिहून मागावेत. मोडताना किती घट कापणार, हेही घेतानाच विचारावं.

रोज घालायचं असेल तर १८ कॅरेटला नाक मुरडू नये. ते कठीण असतं, झिजत कमी. हुपरीचे चांदीचे दागिनेही सुंदर असतात आणि खिशाला झेपतात. हौसेला सोनंच लागतं असं नाही.

लॉकर असेल तर स्वतःच्या नावावर किंवा निदान संयुक्त नावावर घ्यावा. २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांमुळे लॉकरमधली वस्तू गेली तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख. त्यामुळे दागिन्यांचे फोटो आणि पावत्या वेगळ्या ठेवाव्यात, आणि ऐवज मोठा असेल तर विम्याचाही विचार करावा.

शेवटची गोष्ट बहुतेक जणींना माहीत नसते. हिंदू उत्तराधिकार कायद्यात, मृत्युपत्र न करता बाई गेली तर तिने कमावलेलंसुद्धा आधी पती आणि मुलांकडे जातं. ते नसतील तर पतीच्या वारसांकडे, आणि मग तिच्या आईवडिलांकडे. म्हणजे मूल नसलेल्या विधवेने स्वतःच्या पगारातून घेतलेल्या पाटल्या, ज्या दिराशी तिचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याच्याकडे जाऊ शकतात आणि तिची आई मागे राहते. भाचीला, मैत्रिणीला, किंवा आजारपणात जिने सांभाळलं तिला द्यायच्या असतील तर लिहून ठेवावं लागतं. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. साधा कागद, आपली सही, आणि आपल्याला सही करताना पाहणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या. कुठला दागिना कोणाला, हे त्यात एकेक करून लिहावं, आणि तो कागद त्याच पावत्यांबरोबर ठेवावा.